एका नर्समागे पेशंट किती?

नर्सेसबद्दल आपण फार छान बोलतो. १२ मे आला की हातात दिवा घेतलेल्या नाईटिंगेलबाईंचं चित्र फॉरवर्ड करतो. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता बाल्कनीत उभं राहून आपण थाळ्यासुद्धा वाजवल्या. घरातलं कोणी अ‍ॅडमिट असलं तर डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरना पेढे देतो. हे सगळं मनापासून असतं, शंकाच नाही. पण हॉस्पिटल निवडताना डॉक्टर कोण, कॅशलेस आहे का, रूमला एसी आहे का, पार्किंग मिळेल का, इथपर्यंत चौकशी करणारे आपण, एक प्रश्न मात्र कधीच विचारत नाही. रात्री दोन वाजता त्या मजल्यावर एका नर्सकडे किती पेशंट असतात?

आजचा लेख या एका प्रश्नाबद्दल आहे. आणि ज्यांनी तो विचारला, वर्षानुवर्षं लावून धरला आणि शेवटी कायद्यात लिहून घेतला त्या नर्सेसच्या युनियनबद्दल.

युनियन म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांच्या कपाळावर आठी पडते, हे मला माहीत आहे. आपण १९८२ च्या गिरणी संपाच्या गोष्टी ऐकत वाढलो. युनियन म्हणजे घोषणा, टाळं, आणि शेवटी सगळ्यांचंच नुकसान, असं काहीतरी डोक्यात पक्कं बसलेलं. माझंही मत फार वेगळं नव्हतं. पण काही वर्षं कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहत होतो तेव्हा शेजारी कोट्टायमच्या एक नर्स राहायच्या. वयाने आमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, त्यामुळे बिल्डिंगमधले सगळे देसी इंजिनिअर त्यांना चेची म्हणत. मीही म्हणायचो. त्यांच्यामुळे मी हा विषय वाचायला लागलो, आणि वाचता वाचता मत बदललं.

आधी साधं गणित करू. समजा एका नर्सकडे जनरल वॉर्डातले दहा पेशंट आहेत. एका तासाची मिनिटं साठ. म्हणजे एका पेशंटच्या वाट्याला तासाला सहा मिनिटं. त्यात बीपी आणि तापमान घ्यायचं, इंजेक्शन द्यायचं, सलाईन बघायचं, डॉक्टरांचा फोन घ्यायचा, नातेवाईकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि हे सगळं लिहून ठेवायचं. एकाची तब्येत अचानक बिघडली आणि नर्स त्याच्याकडे वीस मिनिटं थांबली, तर बाकीच्या नऊ जणांकडे तेवढा वेळ कोणीच नाही. पाच पेशंट असतील तर वाट्याला बारा मिनिटं. फरक फक्त सहा मिनिटांचा. पण पेशंटचा श्वास बदललाय, लघवी कमी झालीय, माणूस जरा वेगळंच बोलतोय, हे कोणाच्या तरी लक्षात येतं ते याच मिनिटांत.

हे नुसतं माझं गणित नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या राज्यातली १६८ हॉस्पिटलं तपासली. २००२ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेल्या पेशंट्समध्ये, नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. नर्स थकून, जळून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. चार पेशंटवरून आठवर गेलं तर मृत्यूची शक्यता ३१ टक्के जास्त. आपल्याकडे सर्व्हरवर लोड वाढला की रिस्पॉन्स टाईम वाढतो, युजर वैतागतो, पुन्हा क्लिक करतो. वॉर्डात पुन्हा क्लिक करायची सोय नसते.

मग हॉस्पिटलं नर्स वाढवत का नाहीत? कारण नर्सेसचा पगार हा हॉस्पिटलच्या खर्चातला सर्वात मोठ्या आकड्यांपैकी एक, आणि कापायला सर्वात सोपा. १९९० च्या दशकात अमेरिकेत 'मॅनेज्ड केअर'ची लाट आली. विमा कंपन्यांनी पैसे आवळले, कन्सल्टंट आले, आणि 'रिस्ट्रक्चरिंग' या नावाखाली परवानाधारक नर्सेसच्या जागी कमी शिकलेले, कमी पगाराचे मदतनीस आले. (रिस्ट्रक्चरिंग हा शब्द ऐकला की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.)

कॅलिफोर्निया नर्सेस असोसिएशनची पुढची गोष्ट इथून सुरू होते. ही संघटना १९०३ पासूनची, जुनी आणि सभ्य. पण १९९३ मध्ये वॉर्डात प्रत्यक्ष काम करणाऱ्या नर्सेसनी तिचा कारभार हातात घेतला आणि १९९५ मध्ये ती राष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडली. मागणी एकच, आणि अगदी सोपी. एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट, हा आकडा कायद्यात लिहा. आयसीयूत दोन पेशंटमागे एक नर्स हा नियम तिथे १९७० च्या दशकापासून होताच. तोच विचार सगळ्या वॉर्डांना लावा, एवढंच.

एवढंच म्हणायला सोपं. १९९६ मध्ये या मागणीसाठी मतदारांपुढे प्रस्ताव नेला, पडला. १९९८ मध्ये विधेयक मंजूर झालं तर गव्हर्नर पीट विल्सन यांनी नकाराधिकार वापरला. १९९९ मध्ये शीला क्युल यांनी मांडलेलं 'एबी ३९४' मंजूर झालं आणि गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी सही केली. म्हणजे झालं का? छे! कायद्याने फक्त 'आकडा ठरवा' असं आरोग्य खात्याला सांगितलं होतं. मग आकड्यावरून वाद. जनरल वॉर्डसाठी हॉस्पिटलांची संघटना म्हणाली नर्समागे दहा, युनियन म्हणाली तीन. शेवटी ठरले आधी सहा आणि वर्षभराने पाच. जानेवारी २००४ पासून अंमलबजावणी सुरू झाली. मुलांच्या वॉर्डात चार, इमर्जन्सीत चार, आयसीयूत दोन, ऑपरेशन थिएटरमध्ये एकास एक.

या नियमातले मला सर्वात आवडलेले शब्द म्हणजे 'सर्व वेळी'. म्हणजे प्रमाण सरासरीने नाही, महिनाअखेरीला नाही, तर प्रत्येक क्षणी पाळायचं. नर्स जेवायला गेली किंवा बाथरूमला गेली तरीसुद्धा. तिचे पाच पेशंट दुसऱ्या नर्सवर टाकले की तिच्याकडे दहा झाले, म्हणजे नियम मोडला. तेव्हा जेवणाच्या सुट्टीसाठी वेगळी नर्स ठेवा. हॉस्पिटलांनी याविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि २००४ मध्ये ते हरले. स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्या प्रत्येकाने या दोन शब्दांना नमस्कार करावा. हे दोन शब्द नसते तर एक्सेलमध्ये सरासरी पाच दाखवून रात्री नऊ-नऊ पेशंट देता आले असते.

मग आले अर्नोल्ड श्वार्झनेगर. ग्रे डेव्हिसना मुदतीआधीच हटवून ते गव्हर्नर झाले होते. नोव्हेंबर २००४ मध्ये त्यांनी तातडीचा आदेश काढून सहावरून पाचवर येणं पुढे ढकललं. डिसेंबरमध्ये एका महिला परिषदेत नर्सेसनी निषेध केला, तर साहेब भाषणात म्हणाले की ही मंडळी म्हणजे आपला स्वार्थ बघणारे गट आहेत आणि मी त्यांना नेहमीच लाथाडतो. टर्मिनेटरचा डायलॉग टर्मिनेटरलाच महागात पडला. नर्सेसनी वर्षभर पाठ सोडली नाही. जिथे गव्हर्नरांची देणगी गोळा करायची पार्टी, तिथे बाहेर नर्सेस. मार्च २००५ मध्ये कोर्टाने तो आदेश बेकायदा ठरवला. नोव्हेंबर २००५ च्या विशेष निवडणुकीत त्यांनी पुढे केलेले चारही प्रस्ताव मतदारांनी फेटाळले, आणि त्याच महिन्यात त्यांनी नर्सेसविरुद्धची कोर्टातली लढाई सोडून दिली. (गंमत म्हणजे विधेयक मांडणाऱ्या शीला क्युल याही एकेकाळच्या टीव्ही कलाकार. म्हणजे सामना तसा बरोबरीचा होता.)

मोर्चे आणि कोर्ट हा भाग बातम्यांत येतो. युनियनचं खरं काम मात्र चेचींच्या स्वयंपाकघरातल्या एका फाईलमध्ये मला बघायला मिळालं. त्या फाईलमध्ये एका फॉर्मच्या प्रती होत्या. फॉर्मचं नाव 'असाइन्मेंट डिस्पाइट ऑब्जेक्शन'. आपल्या भाषेत, 'हरकत नोंदवून स्वीकारलेली ड्यूटी'.

याचं काम असं चालतं. शिफ्टच्या सुरुवातीला नर्सला दिसतं की आज दिलेलं काम सुरक्षित नाही. पेशंट जास्त आहेत, किंवा दोघे फारच गंभीर आहेत, किंवा ज्या वॉर्डाचं ट्रेनिंग नाही तिथे पाठवलंय. पेशंटना सोडून ती जाऊ शकत नाही आणि तिला जायचंही नसतं. मग ती आधी सुपरवायझरला तोंडी सांगते. काही झालं नाही तर फॉर्म भरते. तारीख, वेळ, वॉर्ड, किती पेशंट, किती नर्स, कोणाला कळवलं, ते काय म्हणाले. एक प्रत मॅनेजरला, एक युनियनला, एक स्वतःकडे. आणि कामाला लागते.

पहिला फायदा तिचा स्वतःचा. उद्या काही विपरीत झालं, चौकशी लागली, परवान्यावर बालंट आलं, तर तिने धोका वेळेत सांगितला होता याचा लेखी पुरावा असतो. चौकशीच्या बैठकीत युनियनचा प्रतिनिधी सोबत मागण्याचा हक्क तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्येच मान्य केलाय. समोर मॅनेजर, एचआर आणि वकील बसलेले असताना बाजूला आपल्या बाजूचं एक माणूस असणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर प्रसंग आलाय त्यालाच कळेल.

दुसरा फायदा सगळ्यांचा. हे फॉर्म युनियनकडे जमतात. अनेक हॉस्पिटलांच्या करारात नर्सेसनी निवडलेली एक समिती असते. ती हे फॉर्म चाळते आणि मॅनेजमेंटपुढे ठेवते. एका नर्सने 'फार काम पडतं हो' म्हटलं तर ती तक्रार. चाळीस फॉर्म दाखवतात की याच मजल्यावर, शनिवार-रविवारच्या रात्री, सतत एक नर्स कमी असते, तर तो डेटा. आपण टिकेट का काढतो? 'सिस्टीम स्लो आहे' असं कँटीनमध्ये म्हणून कोणी फिक्स करत नाही म्हणूनच ना?

पण आपल्या टिकेटात आणि या फॉर्मात एक मोठा फरक आहे. टिकेट काढल्याबद्दल आपल्याला कोणी काढून टाकत नाही. एकट्या नर्सने मात्र रोज लिहून द्यायला सुरुवात केली तर ती 'निगेटिव्ह' ठरते, तिला नकोशा शिफ्ट मिळतात, अप्रेझलमध्ये 'टीम प्लेअर नाही' असं येतं. चेचींच्या आधीच्या एका हॉस्पिटलात (नाव लिहीत नाही) युनियन नव्हती. तिथे त्यांनी एकदा रात्रीच्या पेशंटसंख्येबद्दल ईमेल केली, तर पुढचे तीन महिने सगळे वीकेंड त्यांच्याच नावावर. त्या हसून सांगायच्या, "तिथे मी एकटी ओरडत होते. इथे मी फक्त फॉर्म भरते." मला वाटतं युनियन कशासाठी, याचं इतकं छोटं आणि नेमकं उत्तर मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. थकवा सगळ्यांनाच येतो. पण तो मोजला जायला हवा, आणि मोजणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. हे दुसरं काम एकटीला जमत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप आपल्यासारख्यांच्या मनात आपोआप येतो. प्रत्येक पेशंट वेगळा, मग एकच आकडा कशाला? कोणाला तासाला दोन मिनिटं लागतील, कोणाला चाळीस. एखादं सॉफ्टवेअर लिहू, पेशंटच्या गंभीरपणाचे गुण देऊ, आणि दर शिफ्टला किती नर्स हव्यात ते काढू. सुरेख प्रॉब्लेम आहे! पण कॅलिफोर्नियात अशी वर्गवारीची पद्धत कायद्याच्या आधीपासून बंधनकारक होती. नर्सेसची तक्रार अशी की फॉर्म्युला हॉस्पिटलच्या हातात, त्यातले भारांक हॉस्पिटलच्या हातात, आणि उत्तर बजेटमध्ये बसेल असंच यायचं. ज्याने कधी 'एस्टिमेट' दिलंय आणि क्लायंटच्या तारखेत बसेपर्यंत ते कमी केलंय, त्याला यात आश्चर्य वाटणार नाही. 'एकास पाच' हा आकडा ढोबळ आहे, मान्य. पण तो मोजायला लॉगिन लागत नाही. वॉर्डात उभं राहून पेशंटची सूनही मोजू शकते. शिवाय तो किमान आहे. पेशंट जास्त गंभीर असतील तर याहून जास्त नर्स द्यायच्या, वर्गवारीची पद्धत त्यासाठी आजही आहेच. खाली ढोबळ आकड्याची जमीन आणि त्यावर हुशार सॉफ्टवेअर, असा क्रम हवा. उलटा नको.

दुसरा आक्षेप, नर्सेस संपावर गेल्या तर पेशंटचं काय? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच अमेरिकेत १९७४ पासून कायदा आहे की हॉस्पिटलातल्या संपाची दहा दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. पर्यायी व्यवस्था करायला, ऑपरेशन पुढे ढकलायला वेळ मिळतो. अपुऱ्या नर्सेसवर चाललेल्या रात्रीची नोटीस मात्र पेशंटला कोणी दहा दिवस आधी देत नाही.

तिसरा, फायदा खरंच झाला का? इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की सुरुवातीच्या काही अभ्यासांत नर्सेस वाढल्या, पण पेशंट पडणं किंवा पाठीला जखमा होणं यांत ठळक घट दिसली नव्हती. पुढे २०१० मध्ये एकन यांनी तीन राज्यांची तुलना केली. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात सर्जिकल वॉर्डांत कॅलिफोर्नियाइतक्या नर्स असत्या, तर मृत्यू अनुक्रमे १३.९ आणि १०.६ टक्क्यांनी कमी झाले असते, असा त्यांचा अंदाज. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडने २०१६ मध्ये असंच प्रमाण लागू केलं. २०२१ च्या अभ्यासात तिथे जादा नर्सेसवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून जास्त खर्च वाचल्याचं दिसलं, कारण पेशंट लवकर घरी गेले आणि परत अ‍ॅडमिट कमी झाले.

युनियन प्रत्येक वेळी जिंकते असंही नाही. २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये असाच प्रस्ताव मतदारांपुढे गेला आणि सुमारे ७० टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. हॉस्पिटलांनी प्रचारात युनियनच्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त पैसा ओतला होता. कॅलिफोर्नियातही नियम मोडणाऱ्यांना नेमका दंड ठरायला २०१९ उजाडलं. पहिल्या वेळी १५ हजार डॉलर, पुढे प्रत्येक वेळी ३० हजार. आणि डिसेंबर २०२० मध्ये कोविडच्या लाटेत सरकारने नियमातून झटपट सूट द्यायला सुरुवात केली तेव्हा त्याच नर्सेसना पुन्हा निदर्शनं करावी लागली. १९९३ पासून २०२० पर्यंत धरा. सत्तावीस वर्षं एकच आकडा धरून बसायचं. हे काम एखाद्या चांगल्या मनाच्या डॉक्टरला किंवा आमदाराला जमण्यासारखं नाही. माणसं बदलतात, रिटायर होतात. संघटना राहते.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे आकडा नाही असं नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे मापदंड आहेत. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या हॉस्पिटलात पाचमागे एक, आणि रजेवर जाणाऱ्यांसाठी ३० टक्के जादा. ऐकायला कॅलिफोर्नियाच्या तोडीचा. पण कधी नातेवाईकाजवळ रात्रभर सरकारी हॉस्पिटलात बसला असाल तर एका सिस्टरपुढे किती खाटा होत्या ते आठवा. सलाईन संपलं हे सांगायला तुम्हीच उठून गेला होतात ना? पेशंटजवळ चोवीस तास घरचं माणूस हवं, हा आपल्याकडचा अलिखित नियम कुठून आला, याचाही विचार करा. नर्सेसच्या कमतरतेचा भार आपण बिनपगारी, बिनट्रेनिंगचा उचलतोय. त्यातही बहुतेक वेळा घरातल्या बायका.

आणि आपल्या नर्सेस गप्प बसलेल्या नाहीत. केरळात २०११ मध्ये युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी राहिली आणि खासगी हॉस्पिटलांतल्या पगारांवरून लढली. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने महिना २०,००० रुपये किमान वेतन जाहीर केलं. महाराष्ट्रात मे २०२२ मध्ये सरकारी हॉस्पिटलांतल्या नर्सेस कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या. तेव्हा आपल्या ऑफिसांत चर्चा काय होती? 'पेशंटना वेठीला धरलं.' कंत्राटावरच्या, उद्या नोकरी राहील की नाही हे माहीत नसलेल्या नर्सने 'माझ्याकडे जास्त पेशंट आहेत' असं लेखी कसं द्यायचं, हा प्रश्न कोणाला पडल्याचं मी ऐकलं नाही. कायम नोकरी आणि सुरक्षित वॉर्ड यांचा संबंध इथे आहे.

आपण काय करू शकतो? मोर्चाला चला असं मी म्हणणार नाही, रविवारची दुपार आहे. पण दोन गोष्टी सहज जमतील. पुढच्या वेळी आईबाबांचं ऑपरेशन ठरवताना रूमच्या रेटबरोबर विचारा की नाईटला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात. काउंटरवरचा माणूस गोंधळेल, गोंधळू दे. दहा जणांनी विचारलं की कुठेतरी लिहून ठेवावं लागेल. आणि पुढच्या वेळी नर्सेसच्या संपाची बातमी आली तर मत देण्याआधी त्यांची मागण्यांची यादी एकदा वाचा. पगार असेलच, असायलाच हवा. पण त्याच्या खाली कुठेतरी रिक्त जागा भरण्याची एक ओळ सापडेल. ती मागणी नर्सेसपेक्षा आपल्यासाठी जास्त आहे.